दयेपोटी केलेली खरेदी

मे महिन्यातली दुपार होती. धाकटीला चपला घ्यायच्या म्हणून आम्ही मायलेकी बाजारात गेलो होतो. चपला काही मिळाल्या नाहीत, पण परत येताना ती एका दुकानापाशी थबकली. दर्शनी भागात माशांच्या टाक्या, आत पिंजरे, पक्ष्यांचा कलकलाट आणि तो विशिष्ट ओलसर वास. मी म्हटलं, "चल गं, ऊन लागतंय." ती आत शिरली होती.

धाकटी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घरात आर्ट्सची परंपरा. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. त्यामुळे हिच्या पुस्तकांतली चित्रं पाहिली तरी मी पान उलटते. त्या दिवशी ती ज्या काचेच्या पेटीसमोर उभी होती, तीत एक कोळी होता. कोळी म्हणजे आपण दिवाळीआधी केरसुणीनं जळमटं काढताना पळतो तो नव्हे. हा तळहाताएवढा, तपकिरी, अंगभर केस. टॅरंटुला. मी दोन पावलं मागे सरले हे कबूल करते.

"आई, हा मरायला टेकलाय," ती म्हणाली.

मला तर तो नुसता बसलेला दिसत होता. मग तिनं दाखवलं. पेटीच्या तळाला माशांच्या टाकीत घालतात ते रंगीत खडे पसरलेले. कोपऱ्यात वाळून कडक झालेला स्पंजचा तुकडा. पाणी कुठेच नाही. पेटी सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून. कोळ्याचं पोट सुरकुतलेलं, आठही पाय अंगाखाली ओढून घेतलेले, मुठीसारखे. ती सांगत होती आणि मला पहिल्यांदाच तिच्या अभ्यासात रस वाटत होता. कोळ्याला पाय आत घ्यायला स्नायू असतात, पण मोठे सांधे सरळ करून पाय बाहेर काढायचे तर तो अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर चालतो ना, तसंच. अंगातलं पाणी कमी झालं की दाब जातो, पाय आत वळायला लागतात. म्हणजे ती मूठ आपोआप झालेली होती, तहानेनं.

किंमत साडेतीन हजार. धाकटीचा चेहरा बघून दुकानदारानं ती पाच मिनिटांत अठराशेवर आणली. "घेऊन जा मॅडम, तुमच्या हातून वाचेल तरी." माणूस वाईट नव्हता, खरंच. गल्ल्याच्या मागे देवाचा फोटो, फोटोला ताजा हार. मी विचारलं, याला पाणी का नाही? तो हसला, "अहो, हा चिलीचा कोळी. महिनोन्‌महिने उपाशी राहतो. याला काय लागतं?"

धाकटीनं पर्समधून वाढदिवसाचे पैसे काढले. मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुढे आठवडाभर घरात होती.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी कोळी पाळायचा प्रश्न कधी येणार नाही, आणि त्याबद्दल तुम्ही देवाचे आभारच मानाल. पण दुकानात, बाजारात, रस्त्यावर हाल होत असलेलं जनावर पाहून "जाऊ दे, आपण घेऊन जाऊ, निदान एक तरी वाचेल" असं मनात आलं नाही अशी बाई मला माहीत नाही. पिंजऱ्यात एकावर एक कोंबलेले ससे, डोळे चिकटलेलं मांजराचं पिल्लू, बादलीतली कासवं. आपण दयेपोटी पाकीट उघडतो आणि घरी आल्यावर पुण्य केल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. आता वाटत नाही, त्याला कारण आमच्या सासूबाई.

मामंजींच्या तिथीला सासूबाई दारावर येणाऱ्या पाखरंवाल्याकडून पिंजराभर मुनिया विकत घ्यायच्या आणि गच्चीत जाऊन सोडून द्यायच्या. सात-आठ चिमुकल्या भुर्रकन उडायच्या, त्या हात जोडायच्या, आम्ही सगळे बघत उभे. सुंदर दृश्य असायचं ते. तिसऱ्या की चौथ्या वर्षी तो माणूस तिथीच्या आदल्या दिवशीच आला. बरोबर दोन पिंजरे. म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी म्हणून वेगळी धरून आणलीत." सासूबाई ओट्यावर बसल्याच. त्याला चहा दिला, पाखरं घेतली नाहीत. तो पिंजरे उचलून निघाला, तेव्हा त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दोन पिंजऱ्यांतल्या पाखरांचं काय झालं, याचा विचार त्यांनी मरेपर्यंत केला असणार, कारण पुढे त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. गच्चीत पाण्याचं परळ मात्र रोज भरलेलं असायचं.

माझं मत ठाम आहे ते इथून. दुकानदाराच्या वहीत "दयेपोटी" असा रकाना नसतो. तिथं फक्त "विकला" असतं. हौशी माणसानं घेतला काय, कनवाळू माणसानं घेतला काय, त्याला दिसतं ते एवढंच की दीड-दोन महिने फळीवर ठेवलेला, पाणीही न दिलेला कोळी अठराशेला गेला. म्हणजे खर्च न करताही माल जातो. आणि रिकामी पेटी कुणी रिकामी ठेवत नाही. त्या दिवशीही मी अगदी सहज विचारलं, "हा गेला की मग?" तो तितक्याच सहज म्हणाला, "गेला की दोन मागवतो. आजकाल पोरांना क्रेझ आहे."

हे मी रस्त्यात धाकटीला समजावून सांगितलं. मागणी, पुरवठा, सासूबाईंच्या मुनिया, सगळं. ती ऐकत होती. रिक्षा वळली तेव्हा म्हणाली, "आई, त्या कोळ्याला मार्केट कळत नाही. त्याला तहान कळते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. अठराशे रुपयांत पुढच्या दोन कोळ्यांचे हाल विकत घ्यायचे की समोरच्या एकाला मरू द्यायचं? हिशेब कागदावर सोपा आहे. पण जो पेटीत आहे तो कागदावर नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी गेली अकरा वर्षं जाते. तिथं नवी कार्यकर्ती आली की पहिल्या महिनाभरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारते. रात्री दहाला स्टेशनच्या पुलावर गजरे विकणारी सात वर्षांची पोर. तिचे उरलेले गजरे घ्यायचे का? घेतले तर ती आज लवकर घरी जाईल. आणि उद्या घरचे तिच्या टोपलीत दहा गजरे जास्त ठेवतील, कारण लहान पोरीचे गजरे खपतात. मी घेत नाही. पण न घेता पुढे निघून जाणं म्हणजे उत्तर झालं, असं ज्या बायका समजतात त्यांच्याशीही माझं पटत नाही. गजरा घ्यायचा नसेल तर तिच्या आईला गाठावं लागतं, शाळेत नाव आहे का बघावं लागतं, आणि ते एका संध्याकाळी होत नाही. पैसे देणं त्या मानानं फार सोपं असतं.

तेव्हा तोच न्याय कोळ्याला लावायला हवा होता. पण कोळी म्हटल्यावर माझंच मन तयार नव्हतं. "एवढा काय तो कोळी," असं मी दोन-तीनदा म्हटलंही. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, झुरळं मारायला स्प्रे आणतेस आणि कोळ्यासाठी उपास करतेस का?" प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. सशाला मऊ कान असतात, पिल्लाला डोळे असतात, म्हणून त्यांना पाहून आपला जीव कळवळतो. कोळ्याकडे असं काहीच नाही. त्याला ओरडता येत नाही, शेपूट हलवता येत नाही. तहान लागली तरी तो फक्त पाय आत घेतो, आणि ते वाचायला कुणीतरी प्राणिशास्त्र शिकलेलं असावं लागतं.

कायदा मात्र याबाबतीत आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा निघाला. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारा आपला कायदा १९६० सालचा. त्यामागे एक बाई होती. भरतनाट्यमसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. राज्यसभेत त्यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडलं, पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचं आश्वासन दिलं आणि मग हा कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. या कायद्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कोणताही! म्हणजे कोळीसुद्धा. तहानेनं, उपासमारीनं किंवा दाटीवाटीनं वेदना भोगणारा प्राणी विक्रीला ठेवणं हाही त्यात गुन्हा आहे. वाचून मला बरं वाटलं, आणि मग दंडाचा आकडा वाचला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती, आज त्यात चपलेचा अंगठाही शिवून मिळतो की नाही कोण जाणे. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्र सरकारनं २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, पिंजरा केवढा हवा, पाणी, उजेड, सगळं लिहिलेलं आहे. मात्र त्यातल्या पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदराच्या जातीचे प्राणी आणि पिंजऱ्यातले पक्षी येतात. कोळ्याचं नाव नाही. नियम करणाऱ्यांनाही बहुधा तो दुकानात विकला जाईल असं वाटलं नसावं.

आणि विकला तर जातो! जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, त्यात चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या १०७ कुप्या निघाल्या, प्रत्येकीत एकेक जिवंत कोळी. बाहेरून आपल्याकडे येतात तसे आपल्याकडचेही बाहेर जातात. तिरुपतीला रेल्वेनं जाताना गुंतकलनंतर गुत्ती लागतं. इतिहासाच्या पुस्तकातल्या मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, तीच. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत शंभरेक वर्षांपूर्वी एक गर्द निळा कोळी सापडला होता. पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९९ मध्ये त्याची नोंद केली. त्यानंतर शतकभर तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. रानात तो फार थोड्या टापूत उरलेला, लाकूडतोडीत झाडं जाताहेत, २००८ पासून अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. आणि परदेशातल्या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाढतोय. २०१९ मध्ये त्याचा सगळा वंश आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आला. आपल्याकडेही २०२२ ची वन्यजीव कायद्याची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे अशा यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते. धाकटी म्हणते, त्या यादीत मेक्सिकोचे लाल गुडघ्यांचे टॅरंटुलाही आहेत. दुकानदाराला ठाऊक असेल तर शपथ.

आपल्या रानातलं काही पिंजऱ्यात दिसलं, म्हणजे पोपट, मुनिया, तारा कासव, तर मग घ्यायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. सोडवण्याच्या हेतूनं घेतलं तरी घेणारा गुन्ह्यात सापडतो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तो फिरवायचा. दुकानातच उभं राहून नव्हे, बाहेर येऊन.

तर आपला कोळी. दोन दिवस धाकटी माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी अभ्यासिकेतून परतताना मी एकटीच त्या दुकानात गेले. पर्समध्ये बाटलीचं एक झाकण आणि पिशवीत गच्चीवरच्या कुंड्यांसाठी आणलेलं कोकोपीट. मालक नव्हता. एक पोरगा होता कामाला. मी म्हटलं, या पेटीत एवढं पाणी ठेवतोस का? तो जागचा हललाच नाही. "मावशी, मला त्याचं लई भ्या वाटतंय," म्हणाला. मनगटं पुढे केली, त्यावर पुरळ उठून गेल्याच्या खुणा. पहिल्याच आठवड्यात त्यानं पेटी उघडली, कोळ्यानं मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडले, हाताला आग झाली. हा विषारी, आपण मरणार, असं समजून त्यानं रात्र जागून काढली होती. मालकाला सांगितलं तर तो हसला. तेव्हापासून त्या पेटीचं झाकण उघडलेलंच नाही.

म्हणजे मी तीन दिवस ज्याला निर्दयपणा समजत होते, ती निम्मी भीती होती. पोरगा परतूरकडचा. वय अठरा सांगतो, मला सोळाचं वाटलं. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतो, खाली पिंजरे, वर पत्रा. मे महिना! पंखा आहे का विचारलं तर म्हणाला, पक्ष्यांसाठी लावलेला आहे, त्याचा वारा येतो थोडा. आम्ही मायलेकी परवा त्या दुकानात अर्धा तास उभ्या होतो, कोळ्याच्या तहानेवर बोलत होतो, आणि हा पोरगा आमच्या मागे ससे साफ करत होता. मी, समाजकार्य करणारी बाई, त्याला पाहिलंही नव्हतं. असो. त्याच्याबद्दल मालकाशी जे बोलायचं ते मी नंतर बोलले, वेगळं आणि जरा मोठ्या आवाजात.

त्या संध्याकाळी मी धाकटीला घेऊन परत गेले. मालकाला सरळ म्हटलं, "आम्ही हा विकत घेणार नाही. तुम्ही फुकट दिलात तर नेतो, पुन्हा दुसरा आणणार नसाल तर." तो म्हणाला, "मॅडम, दुकान आहे, गोशाळा नाही." ठीक. मग म्हटलं, "निदान हिला पेटी नीट लावू द्या. मेला तर तुमचेच पैसे जातील." हे मात्र त्याला लगेच पटलं. धाकटीनं खडे काढले, कोकोपीट घालून दाबलं, अर्धवट पुरलेलं एक फुटकं मडकं आडोशाला ठेवलं, झाकणात पाणी. पेटी दिव्यापासून खालच्या फळीवर आणली. सगळं लांब चमच्यानं आणि पुठ्ठ्याच्या आधारानं, कोळ्याला हात न लावता. एवढ्या मोठ्या कोळ्याचं पोट इतकं नाजूक असतं की हातभर उंचीवरून पडला तरी फुटून मरू शकतो. पोरग्याला तिनं सांगितलं की याचं विष माणसाला मधमाशी चावल्याइतकंच, आणि केस झाडले तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून काढायचे. तो लांबून बघत होता. मग जवळ आला.

कोळी पाण्याशी गेला तेव्हा आम्ही तिथंच होतो. तो झाकणावर ओणवा झाला, तोंड पाण्यात घातलं आणि हललाच नाही. वीस मिनिटं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही. कोळ्यासाठी! आईला सांगितलं असतं तर तिनं दृष्ट काढली असती.

इथं गोष्ट संपली असती तर हा लेख मी जास्त आनंदानं लिहिला असता. चार-पाच आठवड्यांनी पोरग्याचा धाकटीला फोन आला, "ताई, मेला. उताणा पडलाय." ती किंचाळली, "हात लावू नकोस!" कोळी कात टाकताना उताणा होतो, हे ठाऊक नसल्यानं किती तरी जिवंत कोळी लोक कचऱ्यात टाकतात म्हणे. संध्याकाळपर्यंत पेटीत एक पोकळ कोळी आणि शेजारी एक नवाकोरा, मखमली कोळी. धाकटीनं ती कात मालकाला विचारून आणली, कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि उत्साहाच्या भरात दुकानात जाऊन सांगून आली की ही मादी आहे. या जातीचे नर प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाहीत, मादी मात्र पंधरा-वीस वर्षंही काढते. दुसऱ्या दिवशी पेटीवर नवी चिठ्ठी होती, पाच हजार. आठवड्यात कल्याणच्या एका मुलानं ती नेली. आणि मालकानं म्हटल्याप्रमाणे दोन मागवले.

धाकटी घरी येऊन सोफ्यावर आडवी झाली. "मग आपण विकत घेतला नाही त्याचा उपयोग काय? आपणच तर त्याचा माल चांगला करून दिला."

खरं आहे. मी तिला खोटं समाधान दिलं नाही. पण अठराशे देऊन आम्ही घरी आणला असता तरी दोनच आले असते, आणि ते आले असते रंगीत खड्यांवर, वाळलेल्या स्पंजपाशी, झाकण उघडायला घाबरणाऱ्या पोराच्या हाती. शिवाय आमच्या घरी आणखी एक सभासद, पुढची वीस वर्षं. मुलांनी हट्टानं आणलेल्या जनावरांचं शेवटी कोण करतं हे तुम्हाला सांगायला नको. मासे कुणी आणले होते, टाकी कोण धुतं? धाकटी उद्या शिकायला परगावी जाईल, लग्न करील, आणि मी साठी उलटल्यावर कोळ्याला दर आठवड्याला जिवंत झुरळ पुरवत बसेन. दयेच्या भरात हा हिशेब कुणीच करत नाही, आणि मग दोन वर्षांनी तोच प्राणी घेऊन दुकानाच्या दारात उभे राहतात, "परत घेता का?" म्हणून.

एक मान्य करते. मालकानं "दुकान बंद करतोय, हा शेवटचा" म्हटलं असतं तर मी बहुधा अठराशे दिले असते आणि वीस वर्षांचं काम अंगावर घेतलं असतं. जागा पुन्हा भरली जाणार नसेल तर गोष्ट वेगळी. भरली जाणार असेल, तर पाकीट मिटलेलं ठेवायचं आणि तोंड उघडायचं. फोटो काढायचे, लेखी तक्रार जिल्ह्याच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे द्यायची, पोच घ्यायची. मी दिलीय, सशांच्या पिंजऱ्यांसाठी, कारण ससे नियमांत बसतात. मालक आता मला पाहिलं की गल्ल्याच्या खाली वाकून काही तरी शोधायला लागतो. पोटमाळ्यावर पंखा मात्र लागला आहे, टेबलफॅन, जुना, आवाज करणारा.

परवा रात्री साडेनऊला धाकटीचा फोन वाजला. पोरगाच होता. नव्या दोघांतल्या एकानं पाण्याचं झाकण कोकोपीटखाली गाडून टाकलंय, हातानं काढू की चमच्यानं, असं विचारत होता.